खांद्यावरचा धक्का : रायफलीचा प्रतिक्षेप आणि त्याला कामाला लावण्याचा इतिहास

जानेवारी २०२४ मध्ये ‘उग्रम’ या भारतीय बनावटीच्या रायफलीचे अनावरण झाले, तेव्हा बातम्यांत दोन आकडे ठळकपणे आले होते : गोळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर आणि रायफलीचे वजन चार किलोग्रॅमपेक्षा कमी. हे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले की भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिसरा आकडा आपोआप सुचतो. तो बातमीत नव्हता, पण रायफल हाती घेणाऱ्या जवानाच्या खांद्याला तो सर्वांत आधी कळतो. तो आकडा म्हणजे प्रतिक्षेप, अर्थात गोळी पुढे सुटताना बंदुकीला मागे बसणारा धक्का. त्याच्या मोजमापाचा इतिहास पावणेतीनशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक धागा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येऊन थांबतो.

इंग्लंडमधील बाथ येथे १७०७ मध्ये जन्मलेला बेंजामिन रॉबिन्स हा गणितज्ञ होता. त्याने १७४२ मध्ये तोफखान्याच्या शास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात प्रक्षेपी लंबकाचे वर्णन केले. टांगलेल्या जड लंबकात गोळी रुतवायची, लंबक किती झुकला ते पाहायचे आणि संवेगाच्या अक्षय्यतेवरून गोळीचा वेग काढायचा, अशी ही पद्धत. तिची दुसरी बाजूही त्याने वापरली : बंदूकच लंबकाला बांधायची आणि ती मागे किती झुलते ते मोजायचे. ज्या धक्क्याने तोवर केवळ खांदे दुखत होते, तो अशा रीतीने मोजपट्टीवर आला. या ग्रंथाचे महत्त्व ओळखून लिओनार्ड ऑयलरने १७४५ मध्ये स्वतःच्या विस्तृत टीकेसह त्याचा जर्मन अनुवाद केला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला किल्ल्यांच्या तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात पाठवले आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो तापाने वारला. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रक्षेपी लंबकाचे उदाहरण हमखास असते. तो लंबक वापरणाऱ्या माणसाचा शेवट आपल्याच भूमीवर झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

रॉबिन्सनंतर बेंजामिन थॉम्प्सनने, म्हणजे पुढे काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, हे मापन आणखी काटेकोर केले. त्याचे प्रयोग १७८१ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी न भरता नुसती दारू उडवली तरी बंदूक मागे येते, हे त्याने विचारात घेतले. दारूपासून निर्माण होणारा वायूही पुढे धावतो आणि त्यालाही संवेग असतो. म्हणून प्रतिक्षेपाचा हिशेब गोळीपुरता मांडला की उत्तर चुकते. आजही परीक्षेत हीच चूक सर्रास दिसते.

तो हिशेब आपण पूर्ण करून पाहू. ७.६२ मिलिमीटरची गोळी साधारण ९.४ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग होतो सुमारे ८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. सुमारे ३ ग्रॅम दारूचा वायू सरासरी १२०० मीटर वेगाने बाहेर पडतो असे धरले, तर आणखी साडेतीनच्या आसपास भर पडते. एकूण संवेग साडेअकरा. रायफल साडेचार किलोची असेल, तर ती सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने मागे येते आणि तिची गतिज ऊर्जा सुमारे १५ ज्यूल भरते. एक किलोचे वजन दीड मीटर उंचीवरून खांद्यावर पडावे, इतका हा धक्का आहे. रायफल चार किलोची केली, तर तोच आकडा साडेसोळाच्या पुढे जातो. वजन कमी झाल्याचा आनंद चालताना होतो आणि त्याची किंमत गोळी झाडताना मोजावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कथेला वेगळे वळण मिळाले. स्प्रिंगफील्ड रायफल चालवून खांदा काळानिळा झाल्याची आठवण हायरम मॅक्सिमने लिहून ठेवली आहे. हा धक्का वाया का जावा, असा त्याचा प्रश्न होता. १८८०च्या दशकाच्या मध्यास त्याने जे यंत्र बनवले, त्यात प्रतिक्षेपच रिकामे काडतूस काढून नवे भरत असे. याच यंत्राच्या तोंडी १९०४ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातून निघालेल्या मोहिमेत, गुरू या गावाजवळ तिबेटी माणसे मोठ्या संख्येने मारली गेली. संवेगाची अक्षय्यता कोणाच्या बाजूने उभी राहायची हे ठरवत नाही; ते माणसे ठरवतात.

अमेरिकेत जॉन ब्राउनिंगला दुसरी वाट दिसली. बंदुकीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत झुकते, हे त्याने १८८९ मध्ये पाहिले आणि या वायूलाच कामाला लावायचे ठरवले. आजच्या बहुतेक स्वयंभरण रायफली याच तत्त्वावर चालतात. नळीला एक बारीक छिद्र असते. गोळी ते ओलांडून पुढे गेली की थोडा वायू छिद्रातून शिरतो, दट्ट्याला मागे ढकलतो, दट्ट्या बोल्ट उघडतो आणि स्प्रिंग सारे पुन्हा जागेवर आणते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वायू यंत्राकडे वळवला, म्हणून धक्का कमी झाला’ असे अनेकदा ऐकू येते. एकूण संवेगात त्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दट्ट्या आणि बोल्ट मागे जातात तेव्हा त्यांचा संवेग रायफलीच्या खात्यातूनच गेलेला असतो आणि शेवटी तो खांद्यापर्यंतच पोचतो. बदलतो तो काळ. एका क्षणाचा तडाखा काही क्षणांवर पसरतो आणि बलाचे शिखर खाली येते. म्हणूनच वायूची मात्रा फार महत्त्वाची. मात्रा अधिक झाली, तर बोल्ट मागच्या टोकाला जोराने आदळतो, खांद्याला दुसरा झटका बसतो आणि सुटे भाग लवकर झिजतात. मात्रा कमी पडली, तर काडतूस अर्धवट निघून अडकते. बेल्जियमच्या दिउदोने सेव्ह यांनी रचलेल्या ‘एफएएल’ रायफलीत यासाठी नियंत्रक बसवला होता. जास्तीचा वायू तो बाहेर सोडून देत असे. काम खात्रीने होईल इतकाच वायू वापरायचा आणि थंडी, धूळ, काजळी यांच्यासाठी थोडी शिल्लक ठेवायची, हे त्यामागचे साधे सूत्र.

ही शिल्लक किती मोलाची असते, हे आपल्या देशाने जवळून पाहिले आहे. १९६२ च्या युद्धात आपले बहुतेक जवान प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावी लागणारी .३०३ रायफल घेऊन लढले, तर समोरच्या चिनी सैन्याकडे वायूवर चालणाऱ्या स्वयंभरण बंदुकाही होत्या. त्यानंतर एफएएलच्या धर्तीवरची ‘१ए१’ रायफल ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे पुण्याच्या एआरडीई या संस्थेने ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ विकसित केली. वरचाच हिशेब तिला लावला, तर प्रतिक्षेपाची ऊर्जा १५ ज्यूलवरून सुमारे ४ ज्यूलवर येते. नेम धरणे सोपे झाले, काडतुसेही हलकी झाली. परंतु १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत मॅगझिन तडकल्याच्या आणि गोळी अडकल्याच्या तक्रारी पुढे आल्या. थंडीत दारूचे ज्वलन मंदावते, दाब उतरतो, वंगण घट्ट होते, प्लॅस्टिक ठिसूळ बनते. प्रयोगशाळेत पुरेशी वाटणारी शिल्लक कड्यावर अपुरी पडू शकते, आणि तेथे चुकलेल्या हिशेबाची किंमत हिशेब करणारा मोजत नाही.

‘उग्रम’च्या निमित्ताने आपण पुन्हा मोठ्या गोळीकडे आलो आहोत. हीही त्याच संस्थेची निर्मिती, हैदराबादच्या एका खासगी कंपनीच्या साथीने केलेली. दूरवरचा मारा हवा, वजन कमी हवे आणि धक्काही सोसवेल इतकाच हवा. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तेवढ्या मिळत नाहीत. त्यांपैकी कशाला किती मुरड घालायची, हा अभियांत्रिकीचा खरा प्रश्न आहे.

महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात मी .२२ रायफल चालवली होती. तिला धक्का असा नव्हताच, तरीही शिकवणारे हवालदार पुन्हा पुन्हा बजावत, “दस्ता खांद्यात घट्ट रोवा.” त्याचे कारण मला पुढे पदवीच्या वर्गात उमगले. रायफल सैल धरली तर ती एकटी वेग घेते आणि मग खांद्यावर आदळते. घट्ट धरली तर शरीराचे वस्तुमान तिच्यात मिळते आणि तोच संवेग कमी वेगात वाटला जातो. हवालदारांनी संवेग हा शब्द कधी उच्चारला नाही, पण त्यांचे भौतिकशास्त्र अचूक होते.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. परदेशातील हौशी लोक घरी जुळवलेल्या रायफलीची वायुयंत्रणा जुळवतानाच्या चित्रफिती दाखवतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी गालापासून वीतभर अंतरावर वातावरणाच्या सुमारे साडेतीन हजार पट दाब कोंडलेला असतो आणि धातूतील न दिसणारी एक भेगही तेथे पुरेशी ठरते. या विषयाची गोडी लागली असेल, तर रॉबिन्सचा मार्ग धरा : दोन दोऱ्या, एक लाकडी ठोकळा, मातीचा एक गोळा आणि मोजपट्टी. गोळा ठोकळ्यावर फेकून चिकटवा, ठोकळा किती वर चढला ते मोजा आणि गोळ्याचा वेग काढा. उत्तर दर वेळी थोडे वेगळे येईल. ते का वेगळे आले याचा शोध घेऊ लागलात, की रॉबिन्सचे काम तुम्ही पुढे चालवत असाल.