जवान काकांना लिहिलेलं पत्र आणि त्यावर नसलेला पत्ता

पोस्ट थोडी मोठी आहे. पण राखीपौर्णिमेआधी वाचलीत तर उपयोग होईल, म्हणून आत्ताच टाकतोय.

ऑगस्ट आला की जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रेसनोट यायला लागतात. 'विद्यार्थ्यांनी जवानांना पाठवल्या राख्या व पत्रे.' सोबत फोटो असतो. टेबलावर राख्यांचा ढीग, मागे पोरं, पुढे मुख्याध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी. वीसेक वर्षं मी या बातम्या लावतोय. पण त्यातलं एकही पत्र कधी वाचलं नव्हतं. मागच्या वर्षी एका शाळेत सहज गठ्ठा हातात घेतला. पंचवीस-तीस पत्रं असतील. सगळ्यांचा मजकूर एकच.

मला नवल वाटलं नाही, कारण 1999 ला कारगिलच्या वेळी मी दहावीत होतो आणि आम्हीही तेच केलं होतं. सरांनी फळ्यावर मजकूर लिहिला, आम्ही तो पोस्टकार्डावर उतरवला. खाली नाव आणि तुकडी. शाळेचा पत्ता टाकायचं कुणालाच सुचलं नाही. आणि मी वेड्यासारखा दिवाळीपर्यंत उत्तराची वाट बघत होतो. उत्तर येणार कुठून?

आपल्या नगरला फौज नवीन नाही. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथे, रणगाड्यांचं म्युझियम इथे. जिल्ह्यात असं गाव शोधावं लागेल जिथे एकही माजी सैनिक नाही. पण फौजी आणि शाळेतली पोरं यांच्यातल्या पत्रांचा इतिहास आपण कधी बघितलाच नाही. तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे.

पहिल्या महायुद्धापासून बघू. 1911 च्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे मेसोपोटेमियातून गावाकडे पत्र आलं तर ते वाचणार कोण? मास्तर, कुलकर्णी, नाहीतर शाळेत जाणारं एखादं पोर. जवानाच्या बायकोला नवऱ्याची खुशाली दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागायची. तिकडे लिहिणाराही बऱ्याचदा दुसराच असायचा, कारण जवानालाही अक्षर ओळख नसायची.

फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला इंग्रजांनी वेगळं सेन्सॉर खातं काढलं होतं. तिथे पत्रं उघडायची, वाचायची, महत्त्वाचे उतारे इंग्रजीत भाषांतर करून वर पाठवायचे, असं काम चाले. ते उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात पंजाब, सरहद्द, गढवालकडच्या जवानांची पत्रं जास्त. थंडीच्या, मरणाच्या आणि पगाराच्या गोष्टींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पोरांना शाळेत घाला, पोरींनाही घाला. फ्रान्समध्ये त्यांनी शेतात राबणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या आणि पेपर वाचणाऱ्या बाया बघितल्या होत्या. खंदकात बसलेला माणूस घरी शाळेबद्दल लिहीत होता!

आता यातली गोम बघा. सेन्सॉरने भाषांतर केलेले उतारे जपून राहिले. मूळ पत्रं पुढे घरोघरी पोचली, आणि त्यातली बहुतेक घरातच नाहीशी झाली. आपल्या माणसाचं मनोगत आज आपल्याला त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या साहेबाच्या इंग्रजीत वाचावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात आपला जिल्हा थेट येतो. निमजचे नामदेव जाधव. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले शिपाई, वय 23. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनियो नदीवर हल्ला झाला तेव्हा ते कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप्या. सोबतचे पडले, जखमी झाले. त्यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून नदीपार आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर उभं राहून रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे आपल्याला पाठ आहे, निदान असायला हवं.

पण त्याच हल्ल्यात थोड्या अंतरावर पोलंडची फौजही लढत होती, आणि तिच्यातल्या कित्येकांच्या बायकापोरांचा पत्ता होता 'वळिवडे, कोल्हापूर'. रशियाने 1940-41 ला पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सायबेरिया, कझाकस्तानात हाकलली होती. पुढे सुटका झाल्यावर बाप आणि मोठे भाऊ फौजेत गेले, इराण-इराकमार्गे इटलीत पोचले. बायकापोरं इराणमार्गे निरनिराळ्या देशांत विखुरली. त्यातली सुमारे पाच हजार 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. पंचगंगेकाठच्या त्या शाळेत बसलेल्या पोराला आपला बाप जिवंत आहे का, हे फक्त टपालाने कळायचं. 1944 च्या मे महिन्यात माँटे कॅसिनोला शेकडो पोलिश सैनिक पडले. त्यानंतरच्या आठवड्यांत वळिवड्यात पोस्टमन दिसला की काय होत असेल, याचा विचार करा. पंतप्रधानांनी 2024 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सात ज्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं, ते याच लोकांच्या आठवणीचं.

आणि तेव्हाच आपल्या किल्ल्यात काय चाललं होतं? 1942 च्या ऑगस्टपासून नेहरू, पटेल, आझाद वगैरे मंडळी आत बंद होती. मौलाना आझाद एका मित्राला पत्रं लिहीत होते, जी टाकायची सोयच नव्हती. लिहायचे आणि ठेवून द्यायचे. पत्नी गेल्याची बातमी त्यांना याच किल्ल्यात कळली. सुटल्यावर त्या न टाकलेल्या पत्रांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. ती पत्रं जपली गेली म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

परत कारगिलकडे येतो. कॅप्टन विजयंत थापर, 2 राजपुताना रायफल्स, वय 22. आधी त्यांची पलटण कुपवाड्याला होती. तिथे छावणीजवळच्या शाळेतल्या एका लहानग्या मुलीशी त्यांची गट्टी जमली. तिच्या वडिलांना अतिरेक्यांनी मारलं होतं. जूनच्या अखेरीस शेवटच्या चढाईला जाण्यापूर्वी थापरांनी आईवडिलांसाठी पत्र लिहून ठेवलं: मी परत आलो नाही तर त्या मुलीला महिन्याला पन्नास रुपये देत राहा. ते परत आले नाहीत. त्यांच्या वडिलांनी, तेही कर्नल, मुलाचा शब्द पाळला.

आता घरचं सांगतो. आमच्या भावकीत एक सुभेदार होते, 71 च्या लढाईतले. शाळेत जाणाऱ्या पुतण्यांना ते पलटणीतून पत्र टाकायचे. पोरांनी उत्तर पाठवलं की त्यातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून तेच पत्र परत पाठवायचे, सोबत स्वतःचं नवीन. लढाई चालू असताना आलेल्या पत्रातही 'पाणि नव्हे, पाणी' असं होतं म्हणे. 'म्हणे' लिहितोय, कारण मी ते बघितलं नाही. घर पाडून बांधलं तेव्हा ती ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली. मी त्याच गावात होतो, पत्रकार होतो, गावभरच्या बातम्या गोळा करत होतो. ट्रंकेचं मला चार महिन्यांनी कळलं. याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

म्हणून दोन विनंत्या.

पहिली, शिक्षक मित्रमैत्रिणींना. या वर्षी फळ्यावर मजकूर लिहू नका. पोराला त्याचं त्याचं लिहू द्या. विहिरीला पाणी किती आहे, कांद्याला काय भाव मिळाला, गणिताचे सर कसे चिडतात. चुका होऊ द्या. घरापासून लांब असलेल्या माणसाला हेच वाचायचं असतं. आणि खाली शाळेचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट टाका. पोराच्या घरचा नको, शाळेचाच. गावातल्या फौजीकडून त्याच्या युनिटचा '56 एपीओ' किंवा '99 एपीओ' असा पत्ता घेता येईल. जवान कुठे आहे हे त्यावरून कळत नाही, पण पत्र बरोबर पोचतं. ते पोचवणाऱ्या आर्मी पोस्टल सर्व्हिसचं केंद्र आपल्याच राज्यात, कामठीला आहे. सगळ्यांना उत्तर येईल असं नाही. पण एकाला आलं तरी अख्खी शाळा ते वाचेल.

दुसरी, तुम्हा सगळ्यांना. माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली फौजेतून आलेलं जुनं पत्र असेल तर आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. तारीख, शिक्का दिसू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून कुणी कुणाला लिहिलं ते विचारून घ्या. मूळ पत्र घरीच ठेवा, पण घरच्यांची हरकत नसेल तर एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात.

या ऑगस्टला राख्यांची प्रेसनोट आली तर मी नेहमीसारखी लावीनच. पण कुठल्या शाळेला उत्तर आलं तर मला कळवा. ती बातमी पहिल्या पानावर लावण्यासाठी मी संपादकांशी भांडेन.