आयर्लंडच्या उंबऱ्यावरचे सार्वमत

मालवण तालुक्यात वराड नावाचे गाव आहे. कोकणातल्या मंडळींना ते ठाऊक असेलच. या गावच्या घराण्यातले डॉ. अशोक वराडकर विलायतेस गेले आणि पुढे आयर्लंडात स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१५ साली त्या देशाचे आरोग्यमंत्री होते. १८ जानेवारी हा त्यांचा छत्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी तेथील राष्ट्रीय नभोवाणीवर मुलाखत देताना त्यांनी सांगून टाकले, की आपण समलिंगी आहोत. म्हणजे पुरुष असून आपल्या मनाची ओढ पुरुषाकडेच आहे. मंत्रिपदावर असताना असे उघड बोलणारे त्या देशातले ते पहिलेच.

चार महिन्यांनी, २२ मे रोजी, तेथे सार्वमत व्हायचे होते. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना कायद्याने लग्न करता यावे की नाही, एवढाच प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, कायदा करायला विधिमंडळ आहे की! त्यासाठी गावोगाव मतपेट्या कशाला? तर त्याचे असे आहे. आयर्लंडची राज्यघटना १९३७ सालची. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपण तिच्यावरूनच घेतली, हे शिक्षकमंडळी जाणतातच. पण त्या घटनेतले एक वाक्य जरी बदलायचे, तरी जनतेचा कौल घ्यावा लागतो. आपण ही तरतूद घेतली नाही. कॅथरीन झॅपोन आणि अ‍ॅन लुईस गिलिगन या दोघी २००३ साली कॅनडात विवाहबद्ध झाल्या होत्या. करासाठी आम्हाला दांपत्य माना, एवढेच त्यांचे मागणे. परंतु घटनेतला विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचा, असे सांगून उच्च न्यायालयाने २००६ साली त्यांना परत पाठवले. २०१० च्या कायद्याने अशा जोडप्यांना नोंदणीकृत सहजीवनाची सोय झाली. वारसा, कर वगैरे बाबी मार्गी लागल्या. पण त्याला लग्न म्हणायचे नाही! जेवायला बोलवायचे आणि पान ओसरीवर मांडायचे, तशातलाच हा प्रकार.

त्याआधीची स्थिती तर विचारूच नका. समलिंगी पुरुषांचा संबंध हा गुन्हा ठरवणारा कायदा इंग्रजांनी केलेला, १८६१ चा. आपल्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम त्याच्याच एक वर्ष आधीचे, हात एकच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले इंग्रजीचे एक प्राध्यापक, डेव्हिड नॉरिस, या कायद्याविरुद्ध उभे राहिले. (माझ्या पेशातला माणूस, म्हणून जरा अभिमानाने सांगतो.) १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात ते तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. मग त्यांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. तेथे त्यांचे वकीलपत्र घेतले होते मेरी रॉबिन्सन यांनी, ज्या पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९८८ साली निकाल नॉरिस यांच्या बाजूने लागला. तरीही आयर्लंडने तो कायदा बदलला तो १९९३ साली!

असा हा कॅथलिक धर्माचा पगडा असलेला देश. घटस्फोटाची मुभासुद्धा तेथे १९९५ च्या सार्वमताने मिळाली आणि तीही अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने. त्याच मतदारांपुढे वीस वर्षांनी हा प्रश्न आला. धर्मगुरूंचा विरोध होता. मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत, हे विरोधकांचे मुख्य म्हणणे. ते मानणारी साधी, सज्जन माणसे पुष्कळ होती, हे विसरून चालणार नाही.

बाजू मांडणाऱ्यांनी मोठमोठ्या सभांपेक्षा दारावर जाण्याचा मार्ग धरला. संध्याकाळी दार वाजवायचे, आपण कोण ते सांगायचे, मत मागायचे. कित्येक आईबाप आपल्या मुलासाठी शेजाऱ्यांकडे गेले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपणही दारोदार फिरतो. पण तेथे मागतो ती खुर्ची. 'मला माझ्या माणसाशी लग्न करू द्याल का?' असे परक्याच्या उंबऱ्यावर उभे राहून विचारणे किती जड गेले असेल! थोड्यांचा हक्क पुष्कळांच्या मर्जीवर सोडावा, हे मला आजही पटत नाही. मात्र त्या बोलण्याने माणसे बदलली, हेही खरे. परदेशी गेलेल्यांना टपालाने मत देण्याची सोय नव्हती. म्हणून हजारो तरुण बोटीने, विमानाने खास मतदानासाठी घरी आले.

निकाल लागला. बाजूने १२,०१,६०७ मते, विरुद्ध ७,३४,३००. म्हणजे शेकडा ६२ लोकांनी होकार दिला. त्रेचाळीस मतदारसंघांपैकी फक्त एकाने नकार दिला. जनतेच्या मताने हा हक्क देणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश. वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये आजोबांचे घर पाहायला वराडला येऊन गेले. गावाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले.

आपल्याकडे ३७७ व्या कलमातून असे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वगळले. विवाहाचा प्रश्न मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने संसदेकडे सोपवला. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. तेव्हा डब्लिनच्या कचेरीत जे लग्न नोंदले जाते, ते मालवणच्या कचेरीत अजून नोंदले जात नाही.