रश्शाची वाटी आणि भाताची रास

बेळगावहून पुण्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर काकती हे गाव लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मा १७७८ साली येथे जन्मल्या, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु गावाचा इतिहास केवळ रणांगणावर घडत नाही; तो चुलीपुढेही घडत असतो. त्यातीलच एक पान आज उलगडावयाचे आहे. रात्रीच्या जेवणात कोंबडीचा रस्सा असावा आणि भात-भाकरी बेताची असावी, असा सल्ला चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना हल्ली वारंवार मिळतो. हे नवे खूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे.

चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुख, अतिनिद्रा, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख आला आहे. उपचारात जवाला मानाचे स्थान असून त्याच्या जोडीला ‘विष्किर’ पक्ष्यांच्या मांसाचा रस सुचविला आहे. विष्किर म्हणजे पायाने जमीन उकरून दाणे टिपणारे पक्षी, कोंबडा त्यांतलाच.

युरोपातही हा विचार जुनाच आहे. ब्रिटिश सैन्यातील वैद्य जॉन रोलो यांनी मधुमेही रोग्याला मांसाहारावर ठेवून आलेला अनुभव १७९७ साली प्रसिद्ध केला. १८६३ साली विल्यम बँटिंग या लंडनच्या स्थूल गृहस्थांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून आपण कसे हलके झालो, याची पुस्तिकाच काढली. १९२२ साली रोग्यांना इन्सुलिन मिळू लागले. तोपर्यंत आहारातील पिष्ट घटविणे हाच डॉक्टरांचा मुख्य उपाय होता.

मग आपल्या वाडवडिलांनी भाताच्या राशी कशा पचविल्या? बेळगावच्या आसमंतात भात पिकतो, रताळी पिकतात. येथल्या सुवासिक बासमतीची कीर्ती दूरवर आहे. पण तो भात खाणारा माणूस दिवसभर नांगरामागे चिखल तुडवीत असे. कोंबडी मात्र परड्यातली, चार-दोनच. पाहुणा आला किंवा जत्रा भरली तरच तिच्यावर सुरी चाले. पुढे काळ पालटला. १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज निघाली, कुक्कुटपालनाला धंद्याचे रूप आले आणि कोंबडी बाजारात रोज मिळू लागली. काकतीच्या पुढे होनग्याला औद्योगिक वसाहत उभी राहिली. अंगमेहनत घटली, कोंबडी आली, भाताची रास मात्र जागची हलली नाही! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर गेल्याचे आढळले. घरचा कर्ता पुरुष ऐन उमेदीत खाटेला खिळला, तर सारे घर खचते.

यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. किलोभर कोंबडीचे कातडे काढून तुकड्यांना आले, लसूण, हळद व मीठ चोळावे. दोन चमचे तेलात कांदा परतून त्यात तुकडे घालावे आणि गरम पाणी ओतून मंद आचेवर शिजवावे. थोडे सुके खोबरे, तीळ व खसखस भाजून वाटली की रश्शाला दाटपणा येतो; पीठ किंवा बटाटा लागत नाही. रंगाला ब्याडगी मिरची पुरे. चार माणसांना एवढे भरपूर होते. सोबत मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि फार तर अर्धी भाकरी. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्ट असते. कोंबडीच्या मांसात ते जवळजवळ नसतेच. प्रथिनांनी भूकही लवकर शमते.

मात्र एक सावधगिरी हवी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असा बदल करू नये. रश्शावरचा तेलाचा तवंगही बेताचाच बरा.

पूर्वजांचा आहार चुकीचा नव्हता. तो त्यांच्या कष्टांना साजेसा होता. आपले कष्ट बदलले. तेव्हा ताटातील वाढपही बदलावे, हेच त्यांच्या शहाणपणाला धरून होईल.