वाइसकिर्खेनची लष्करी शाळा आणि ‘टोर्लेस’

आजच्या झेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया प्रांतात बेच्वा नदीकाठी ह्रानित्से नावाचे गाव आहे. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या काळात ते मेरिश वाइसकिर्खेन या जर्मन नावाने ओळखले जाई. व्हिएन्नाहून गॅलिशियाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात साम्राज्याने लष्करी शिक्षणसंस्था वसवल्या, आणि त्यांपैकी ‘ओबर-रेआलशुले’, म्हणजे ग्रीक-लॅटिनऐवजी गणित, विज्ञान व आधुनिक भाषांवर भर देणारी वरिष्ठ निवासी शाळा, पुढे जर्मन साहित्याच्या इतिहासात जाऊन बसली.

दहा-बारा वर्षांचा मुलगा आधी सांक्ट प्योल्टन किंवा आयझेनश्टाट येथील कनिष्ठ लष्करी शाळेत दाखल होई, तेथून वाइसकिर्खेनला येई आणि मग अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत प्रवेश करी. अधिकाऱ्यांच्या व सरकारी नोकरांच्या मुलांना मोफत किंवा सवलतीच्या जागा मिळण्याची सोय असल्यामुळे प्रतिष्ठा मोठी पण मिळकत बेताची अशा घरांना हा मार्ग सोयीचा वाटे. मुलाच्या स्वभावाला तो मानवेल की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जाई.

पुढे जर्मन भाषेतील कवी म्हणून नावारूपास आलेल्या रायनर मारिया रिल्केच्या बाबतीत तो विचारला गेला नाही. अधिकारीपद न मिळाल्याने रेल्वेच्या नोकरीत गेलेल्या वडिलांनी 1886 मध्ये या नाजूक मुलाला सांक्ट प्योल्टनला धाडले. 1890 मध्ये तो वाइसकिर्खेनला आला आणि पुढच्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने त्याने शाळा सोडली. त्या वर्षांवर कादंबरी लिहिण्याचा त्याचा बेत तडीस गेला नाही, व्यायामाच्या तासाला कोसळून मरणाऱ्या मुलाची एक छोटी कथा तेवढी झाली. 1920 मध्ये एका जुन्या शिक्षकाने आपुलकीने पत्र पाठवले, तेव्हा उत्तरात त्याने त्या काळाची तुलना दस्तयेव्हस्कीने वर्णिलेल्या सैबेरियातील तुरुंगवासाशी केली. जवळजवळ तीस वर्षे उलटूनही ही जखम भरली नव्हती.

रिल्केला जी कादंबरी लिहिता आली नाही, ती रोबेर्ट मुझिलने लिहिली. अभियंत्याचा हा मुलगा आयझेनश्टाटहून 1894 मध्ये वाइसकिर्खेनला आला आणि 1897 पर्यंत तेथे राहिला; त्याची ‘टोर्लेस’ ही पहिली कादंबरी 1906 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील शाळा लष्करी नाही, राजधानीपासून दूर पूर्वेकडे असलेले उच्चकुलीनांचे वसतिगृह आहे. तेथील बासिनी हा एका विधवेचा, पैशाने कमकुवत असलेला मुलगा श्रीमंत सोबत्यांत मिरवण्याच्या हव्यासापायी चोरी करतो, आणि ती उघडकीस आणणारे सहाध्यायी रायटिंग व बाइनेबेर्ग तक्रार करण्याऐवजी त्याला आपला गुलाम बनवतात. लाल कापडाने मढवलेल्या माळ्यावरच्या गुप्त खोलीत त्याचा शारीरिक व लैंगिक छळ चालतो. कादंबरीचा नायक टोर्लेस तो पाहतो, काही काळ त्यात सामीलही होतो, आणि त्याच दिवसांत गणितातील काल्पनिक संख्यांचे, म्हणजे ऋण संख्येच्या वर्गमुळापासून निघणाऱ्या संख्यांचे, कोडे शिक्षकांना विचारून समाधान न होता परततो.

मुझिलने ही दोन सूत्रे एकत्र गुंफली, यात त्याचे मोठेपण आहे. शाळेने मुलांना हिशेब काटेकोर मांडायला शिकवले, परंतु स्वतःच्या मनात उठणाऱ्या क्रौर्याला नाव देण्याची भाषा दिली नाही; आणि चौकशीची वेळ आली तेव्हा शिक्षकांना स्वतःलाही ती सापडली नाही. बासिनीची हकालपट्टी होते, टोर्लेसचे बोलणे कोणाला उमगत नाही आणि तोही संस्था सोडतो, तर छळ करणारे दोघे सुखरूप राहतात. संस्थेच्या दृष्टीने उपरे ठरले ते बासिनी आणि टोर्लेस, कारण एकाची गरिबी आणि दुसऱ्याचे प्रश्न तिच्या शिस्तीत बसणारे नव्हते.

कादंबरीला केवळ किशोरवयाच्या मानसशास्त्राचे पुस्तक म्हणणारे वाचन अपुरे आहे. 1930 च्या दशकात मुझिलने स्वतःच दैनंदिनीत नोंदवले की रायटिंग व बाइनेबेर्ग या दोन पात्रांत आजचे हुकूमशहा बीजरूपाने होते. नात्झींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर 1938 मध्ये त्याने देश सोडला, आणि 1942 मध्ये जिनिव्हा येथे निर्वासित अवस्थेत त्याचा मृत्यू झाला.