कालिंपोंगचे हिमालयन हॉटेल: एका दुभाष्याचे घर

दार्जिलिंगच्या पूर्वेला तिस्ता ओलांडली की समोरच्या डोंगरधारेवर कालिंपोंग लागते. उंची सुमारे १२५० मीटर. या गावात दगडी भिंतींचे एक जुने घर आहे. हिमालयन हॉटेल या नावाने ते कित्येक दशके ओळखले गेले. आज ते एका मोठ्या हॉटेलसमूहाच्या मालकीचे आहे. एव्हरेस्टवीर आणि तिबेटचे प्रवासी इथे उतरत, असे येणाऱ्याला कौतुकाने सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण हे पाहुणे ज्या कुटुंबाकडे उतरत, त्याची हकीकत पाहुण्यांच्या यादीपेक्षा कितीतरी अधिक सांगण्याजोगी आहे. हा धागा त्या कुटुंबाविषयी.

सुरुवात चहाच्या मळ्यांतून करावी लागते. १८५० नंतर दार्जिलिंगच्या उतारांवर मळे उभे राहिले. ते चालवायला स्कॉटलंड-इंग्लंडहून तरुण, बहुधा अविवाहित पुरुष आले. मळ्यावरच्या बंगल्यात स्थानिक स्त्री आणि तिची मुले असणे ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती, फक्त तिचा उच्चार होत नसे. साहेबाची मुदत संपली की साहेब मायदेशी जाई. स्त्री आणि मुले मागे राहत.

अशाच एका स्कॉटिश मळेवाल्याला लेपचा स्त्रीपासून १८७०च्या सुमारास मुलगा झाला. तो डेव्हिड मॅक्डोनल्ड. मूल पाच-सहा वर्षांचे असताना बाप निघून गेला. जाताना त्याने आईसाठी दरमहा वीस रुपयांची सोय केली. त्या काळच्या रीतीकडे पाहता हे औदार्यच म्हणायचे, आणि त्या रीतीविषयी याहून कडवट काही सांगण्याची गरज नाही.

मुलगा आईपाशी वाढला. घरात त्याचे नाव दोर्जे. पोशाख, भाषा, देवधर्म सारे डोंगरातले. मिश्र वंशाच्या मुलांच्या नशिबी पुढे जे आले ते पाहिले म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळते. १९०० साली रेव्हरंड जॉन अँडरसन ग्रॅहम यांनी याच कालिंपोंगात मळेवाल्यांच्या अशा मुलांसाठी ‘होम्स’ काढली. हेतू दयेचा होता आणि शिक्षणही चांगले मिळे. मात्र मुलांना इंग्रजी वळण लावायचे तर आईपासून तोडणे ओघानेच आले. १९०८ ते १९३८ या काळात तिथली सुमारे १३० मुले-मुली न्यूझीलंडला पाठवण्यात आली. मॅक्डोनल्ड तीस वर्षे आधी जन्मला, म्हणून त्याची आई त्याच्याजवळ राहिली. त्याचे सारे पुढचे आयुष्य आईकडून आणि तिच्या परिसरातून मिळालेल्या भाषांवर उभे आहे.

शिक्षण झाले दार्जिलिंगच्या भुतिया बोर्डिंग स्कूलमध्ये. ही शाळा १८७४ची, आणि तिचे पहिले मुख्याध्यापक शरच्चंद्र दास. हेच दास पुढे १८७९ आणि १८८१ साली तिबेटात जाऊन आले, आणि त्यांच्या प्रवासांचा उपयोग सरकारला काय होता हे गुपित राहिलेले नाही. शाळेचा उद्देशही तोच. तिबेट परकीयांना बंद होते, आणि सरकारला तिबेटी जाणणारे दुभाषे व मोजणीदार हवे होते. मॅक्डोनल्ड तिबेटी, लेपचा, नेपाळी, हिंदुस्थानी बोलत असे. अशा माणसाला काम शोधत जावे लागत नव्हते.

एल. ए. वॅडेल यांचा तिबेटी बौद्ध धर्मावरचा ग्रंथ १८९५ साली निघाला. त्या अभ्यासात मॅक्डोनल्डचे साहाय्य होते. पुढे यंगहजबंडच्या स्वारीत (१९०३-०४) तो दुभाषा म्हणून गेला. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या ठिकाणी मॅक्झिम तोफांपुढे काही मिनिटांत सहाशे-सातशे तिबेटी मारले गेले. सप्टेंबरात पोटाला प्रासादात तह झाला. स्वारीबरोबर वॅडेलही होते, आणि त्यांच्याकडे ग्रंथ जमवण्याचे काम होते. तीनशेहून अधिक खेचरांवर मावेल एवढी पोथ्या-ग्रंथांची रास हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या संग्रहालयात बसून त्यांची सूची करण्याचे काम मॅक्डोनल्डकडे आले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या भाषेत आईने वाढवले तिच्या शेजारच्या, ज्या धर्मात बालपण गेले त्याच धर्माच्या पोथ्या. त्या मठांतून उचलून आणलेल्या, आणि नोंदणारा हा. त्याच्या आठवणींच्या पुस्तकात बंडाचा सूर नाही. तो निष्ठावंत सरकारी नोकर होता, आणि पत्नीच्या प्रभावाने ख्रिस्ती झाला होता. पत्नी ॲलिसही त्याच्यासारखीच मिश्र वंशाची, अर्धी नेपाळी. त्याला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे आणि बळी ठरवणेही तितकेच सोपे. दोन्हींनी त्याचे आयुष्य नीट उलगडत नाही.

१९०९ पासून तो तिबेटच्या चुंबी खोऱ्यात, यातुंग येथे ब्रिटिश ट्रेड एजंट झाला. ग्यांत्सेचा कारभारही त्याच्याकडे असे. नाव व्यापाराचे, काम बरेचसे राजकारणाचे. आणि रुजू होऊन वर्षही झाले नसेल तोच फेब्रुवारी १९१० उजाडला. चिनी फौज ल्हासात शिरली. तेरावे दलाई लामा थोड्या सोबत्यांनिशी दक्षिणेकडे निघाले. पाठलाग करणाऱ्यांना त्यांचा विश्वासू सेवक दासांग दादुल याने त्सांगपो नदीच्या चाकसाम उतारावर अडवून धरले. दलाई लामा यातुंगला पोहोचले ते मॅक्डोनल्डच्या घरी.

सरकारचे धोरण या भांडणात तटस्थ राहण्याचे होते. गावात चिनी अधिकारी होते. अशा वेळी दार उघडणे हा निर्णय नुसत्या नियमपुस्तकातून येत नाही. काही वर्षांपूर्वी ज्या देशावर चालून गेलेल्या सैन्याचा हा दुभाषा होता, त्याच देशाचा धर्मराजा आता याच्या छपराखाली निजला. पुढे बर्फातून जेलेप ला खिंड ओलांडून दलाई लामा हिंदुस्थानात उतरले. त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ इथे काढला. परतीआधी, १९१२ साली, ते कालिंपोंगातच भूतान हाउसमध्ये राहिले होते.

मॅक्डोनल्ड सिक्कीमचा पोलिटिकल ऑफिसरही झाला, पण प्रभारी आणि काही काळापुरता. कायमची नेमणूक एफ. एम. बेली यांना मिळाली. लष्करी अधिकाऱ्याचे पुत्र, विलायती शाळेत शिकलेले. साम्राज्याला याच्या जिभेची गरज होती, त्या खुर्चीवर कायमचा बसवण्याइतकी मात्र नव्हती.

१९२१, १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमा चुंबी खोऱ्याच्या वाटेनेच गेल्या. खेचरे, डाक, हमाल यांच्या कामी मॅक्डोनल्ड कुटुंब हाताशी होते. मुलगा जॉनही त्या धावपळीत असे. १९२४ सालीच भिकारणीच्या वेषात ल्हासा गाठलेली फ्रेंच विदुषी अलेक्झांड्रा डेव्हिड-नेल ग्यांत्सेला प्रकट झाली. तिथे तिची गाठ पडली मॅक्डोनल्डच्या जावयाशी, कॅप्टन पेरींशी. ती खरोखरच ल्हासाहून आली, याचा लेखी दाखला पुढे स्वतः मॅक्डोनल्डनेच दिला.

त्याच सुमारास नोकरी संपली. बरोबरीचे अधिकारी निवृत्तीनंतर इंग्लंडात परतत. याने परतायचे कुठे? स्कॉटलंड बापाचे, आणि बाप तर कधीचा गेलेला. लेपचांच्या गावात साहेबी इतमामाला जागा नव्हती. मधली जागा एकच, कालिंपोंग. तिबेटची लोकर खेचरांच्या तांड्यांवरून जेलेप ला मार्गे इथे उतरे. मारवाडी पेढ्या, तिबेटी व्यापारी, नेवार कारागीर, मिशनरी, सगळे एकाच बाजारात. या कुटुंबाचे वेगळेपण जिथे कोणाला खटकणार नाही असे गाव हेच.

घर पाहुण्यांसाठी उघडले ते इथे. व्यवहारही चोख होता. तिबेटात जायचे तर गंगटोकहून परवाना यावा लागे, खेचरे ठरवावी लागत, माणसे मिळवावी लागत, आणि तोवर कुठेतरी राहावे लागे. मॅक्डोनल्डकडे खोली मिळे आणि सल्लाही. १९३०मध्ये त्याने सिक्कीम-तिबेटच्या प्रवासावर मार्गदर्शिका लिहिली, १९३२मध्ये तिबेटातल्या वीस वर्षांच्या आठवणी. तीसच्या दशकातले गिर्यारोहक, विद्वान, हौशी प्रवासी या व्हरांड्यात बसून गेले.

हॉटेल प्रत्यक्षात चालवले ते मुलींनी. पुस्तके बापाच्या नावावर आहेत, पण स्वयंपाकघर, नोकरमाणसे, हिशेब आणि उशिरा येणारे पाहुणे त्यांच्या वाट्याला आले. जुन्या प्रवासवर्णनांत त्या एखाद-दोन वाक्यांत येतात, बहुधा चहाच्या निमित्ताने. घर मात्र तीन पिढ्या टिकले, आणि त्याला ह्या बायकाच कारण आहेत.

१९५० नंतर गावाचा रंग बदलला. तिबेटात चिनी सैन्य आले, निर्वासित आले, त्यांच्यामागून बातमीदार आणि गुप्तहेर आले. कालिंपोंगला हेरांचे घरटे म्हणण्याची प्रथाच पडली. १९६२च्या युद्धाने जेलेप ला बंद झाली, तांडे थांबले, लोकरीची गोदामे रिकामी पडली. डेव्हिड मॅक्डोनल्डचा मृत्यूही त्याच वर्षीचा.

त्यानंतर हिमालयन हॉटेल कुठल्याच वाटेवर उरले नाही. पाहुणे आले ते दार्जिलिंगला कंटाळलेले, किंवा जुन्या पुस्तकांतून पत्ता शोधत आलेले. नातवंडांनी ते बराच काळ चालवले आणि मग विकले. आता आवारात नव्या इमारती आहेत. मूळ दगडी घर नव्या मालकांनी राखले आहे, आणि मोठमोठ्या पाहुण्यांची नावे तिथे आवर्जून सांगितली जातात. दरमहा वीस रुपयांवर मुलगा वाढवणाऱ्या त्या लेपचा आईचे नाव ‘अफू डोल्मा’ असे नोंदलेले सापडते. ती कधी या घरात राहणारी पाहुणी नव्हती, म्हणून ते त्या नावांत येत नाही.