आधी चव, मग नाव

आमच्या असोद्यात थंडी पडली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात. बडगीत ठेचलेल्या भरिताचा पहिला घास घेऊन एखादा जाणता सांगतो, ‘हे वांगं आपल्याकडचं नाही.’ बाकीचे माना डोलावतात. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा घ्यायची हिंमत मात्र मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

मंडळी, फ्रान्समध्ये अशी परीक्षा एकदा झाली.

बर्गंडी हा फ्रान्सच्या पूर्वेकडचा द्राक्षांचा मुलूख. तिथली पांढरी वाइन जवळपास सगळी शार्दने या एकाच जातीच्या द्राक्षांची. पण बांध ओलांडला की नाव बदलतं आणि भावही. तिथल्या अशा १,२४७ वावरांच्या ओळखीला २०१५ साली युनेस्कोनं जागतिक वारशात स्थान दिलं. मी ती वाइन चाखलेली नाही, चाखणारही नाही. पण जाणकार तिच्याविषयी लिहितात ते आवडीनं वाचतो. कुणाला तिच्यात ताजं लोणी सापडतं, कुणाला लिंबू, कुणाला भिजलेल्या चुनखडीचा वास. वाटतं, ही माणसं माझ्याच धंद्यातली. जिभेवर क्षणभर टिकणारं ते शब्दांत धरू पाहणारी.

२४ मे १९७६. पॅरिसमधले इंग्रज वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी नऊ फ्रेंच जाणकारांपुढे शार्दनेच्या दहा पांढऱ्या वाइन ठेवल्या. चार बर्गंडीच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. नावं झाकलेली. ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर हे हजर असलेले एकमेव बातमीदार. त्यांच्यासमोर एका परीक्षकानं कॅलिफोर्नियाची वाइन चाखून फ्रान्सला परत आल्याचा आनंद व्यक्त केला. दुसऱ्यानं बर्गंडीची नामांकित वाइन कॅलिफोर्नियाची म्हणून नापसंत केली. निकाल लागला. पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मॉन्टेलेना, १९७३ सालची. बनवणारे होते क्रोएशियातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले माइक ग्रगिच. बर्गंडीची मर्सो दुसरी. परीक्षक ओदेत कान यांनी आपला गुणांचा कागद परत मागितला. तो मिळाला नाही.

लोक या गोष्टीवर हसतात. मला हसू येत नाही. त्या जिभा खोट्या नव्हत्या. चांगल्याला त्यांनी चांगलंच म्हटलं. फसले ते मुलूख ओळखताना. गावाच्या नावाला मोल नसतं असं नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते शेतकऱ्याच्या घामाचं रक्षण करायलाच. पण नाव आधी वाचलं की जीभ नावाचंच ऐकते.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान कवीला हे लवकर कळतं. कविता वाचून झाल्यावर कुणीतरी प्रेमानं जवळ येऊन म्हणतं, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ मन सुखावतं. घरी परतताना ध्यानात येतं, कवितेविषयी तर ते काहीच बोलले नाहीत.

अशा वेळी असोद्याच्या लेकीची आठवण येते. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं तेव्हा त्या हयात नव्हत्या, आणि महाराष्ट्राला ते नाव ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्यांनी आधी चव घेतली, मग विचारलं, ही बाई कोण, कुठली?