शेपूट नसलेली गाडी

मोटारीला शेपूट असावे की नसावे, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटतो. आपल्याकडे मात्र तो बराच काळ प्रतिष्ठेचा होता. अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी पाहत वाढलेल्या पिढीच्या मनात मोटारीचे चित्र तीन खणांचे होते: पुढे इंजिन, मध्ये माणसे, मागे डिकी. मुले पाटीवर काढीत ती गाडीही याच आकाराची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिने मागचा खणच काढून टाकला. गाडी लहान, म्हणून शेपूट नाही, अशी समजूत लोकांनी करून घेतली. हॅचबॅक हा एक स्वतंत्र आकार आहे आणि त्याला स्वतःचे सौंदर्य असू शकते, हे मान्य व्हायला आणखी पंधरा वर्षे जावी लागली.

युरोपात हा वाद तोवर निकाली निघाला होता. १९६५ च्या रेनो १६ ने मागचे अख्खे दार वर उघडून दाखवले आणि एकाच गाडीत कुटुंबही मावते, सामानही मावते, हे सिद्ध केले. १९७४ मध्ये जोर्जेत्तो जुजारो या इटालियन रेखनकाराने फोक्सवॅगन गोल्फला घडी घातलेल्या कागदासारख्या नेमक्या कडा दिल्या. त्याचीच १९८३ ची फियाट उनो मला अधिक महत्त्वाची वाटते. माणसाला ताठ बसवले की त्याला पाय पसरायला कमी जागा लागते, म्हणून गाडी लांब करण्याऐवजी उंच करावी, हा तिच्यामागचा साधा विचार. पुढे ही उनो कुर्ल्यातही तयार झाली, पण ती इथे फार काळ टिकली नाही.

तुरिनमधल्या या परंपरेशी पुण्याचे नाते जुळले ते इंडिकामुळे. टेल्को (कंपनीचे नाव २००३ मध्ये बदलले, पुणेकरांच्या तोंडी ते अजून तेच आहे) ही मालमोटारी बांधणारी कंपनी. रतन टाटांची अपेक्षा अशी होती, की गाडीत अ‍ॅम्बॅसेडरची ऐसपैस जागा असावी, आकार मारुती झेनचा, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि रोजचा खर्च डिझेलचा. फियाट टिपो घडवणाऱ्या तुरिनच्या आयडिया संस्थेकडे रेखनाचे काम गेले. ऑस्ट्रेलियातील निसानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजांनी पुण्याला आणला गेला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने दुरुस्त्या करून दिल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली.

त्या वेळी ती खरोखर देखणी वाटत असे, हे आज कोणाला सांगितले तर हसतील. बॉनेटचा उतार जवळजवळ त्याच रेषेत काचेवर चढत जाई. मागचे दिवे खाली आडवे न ठेवता काचेच्या दोन्ही बाजूंना उभे, उंचावर बसवलेले होते. आमच्या घरी ती आली तेव्हा वडील रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिच्याकडे पाहत उभे राहत. मागच्या बाकावर तीन मोठी माणसे एकमेकांची क्षमा न मागता बसू शकत. आजीला उतरताना वाकावे लागत नसे. गणपती, गॅसचा सिलिंडर, गावाकडून आलेली तांदळाची पोती हे सारे मागच्या दारातून आत गेले. डिझेलच्या आवाजावरून सोसायटीतल्या चौथ्या मजल्यालाही कळे, की आम्ही परतलो.

नेमके हेच गुण टॅक्सीवाल्यांनी ओळखले. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते (त्याच्या दरावरचे सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले) आणि मागची जागा ही तर प्रवाशाचीच जागा. कॉल सेंटरांच्या रात्रपाळ्यांनी पांढऱ्या इंडिकांचे तांडे रस्त्यावर आणले. एखादी उपमा चांगली असते म्हणूनच सगळे वापरतात, आणि सगळे वापरतात म्हणून ती दिसेनाशी होते. साहित्याच्या वर्गात आपण हे शिकवतो. इंडिकाचे तसे झाले. आकार तोच होता, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून तो पुसला गेला.

एकदा पुणे स्टेशनबाहेर वडील मामांची वाट पाहत थांबले होते. एका गृहस्थाने मागचे दार उघडले, बॅग आत टाकली आणि म्हणाला, 'कात्रज.' नंबरपाटी पांढरी होती, टॅक्सीची पिवळी नव्हे. पण आकार ओळखल्यावर पाटी कोण वाचतो? वडिलांनी शांतपणे बॅग परत दिली. पुढच्या आठवड्यात मागच्या काचेवर आमचे आडनाव रंगवलेले होते. प्रवासी वाहून पोट भरण्यात कमीपणा कसला, असे मी तेव्हा तावातावाने म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. आज वाटते, त्यांना दुःख व्यवसायाचे नव्हते. आपण निवडलेली गोष्ट आता कोणी निवडलेली मानत नाही, याचे होते.

मध्यमवर्ग पुन्हा शेपटीकडे वळला. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून आखूड लहान गाड्यांचा कर कमी केल्यामुळे ती शेपूटही कापलेली आली. २००८ ची इंडिगो सीएस हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. तिच्याकडे बाजूने पाहिले की वाक्य अर्ध्यावर तुटल्यासारखे वाटते, तरीही ती खपली. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

त्याआधीच आम्ही आमची विकली. आलेल्या गिऱ्हाइकाने बॉनेट उघडले नाही, रंगाकडे पाहिले नाही. मागचे दार वर केले, बाक दुमडला आणि वितीने लांबी मोजली. त्याला पहाटे मार्केट यार्डातून फुलांच्या पाट्या आणायच्या होत्या. पाच पाट्या बसतील, म्हणाला. 'सहा बसतील,' वडील म्हणाले, आणि त्या कशा रचायच्या ते दाखवायला स्वतः वाकले.